माया सोडून शिवलेला संगणक

मी एक जुना हातसंगणक आहे, आणि मित्रांनो, 'जुना' म्हणताना माझा आवाज जराही खाली जात नाही. दोन्ही हातांत मावेन एवढा माझा आकार. वर छोटी स्क्रीन, खाली बटणे, पाठीला सहा स्क्रू. माझे झाकण हिरवे, पाठ काळी आणि बटणांची पट्टी मळकट पिवळी आहे; कारण तिन्ही वेगवेगळ्या वर्षी बसवलेली आहेत. देखणा म्हणून मला कोणी कधी नावाजले नाही. एका दुकानदाराने तर मला 'जेवणाचा डबा' म्हटले होते. म्हणू दे. डबा निदान उघडतो तरी!

माझी गोष्ट माझ्या जन्माच्या थोडी आधी सुरू होते. एका मोठ्या कंपनीच्या दुकानात एक खिडकी होती आणि खिडकीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'दुरुस्ती'. त्या खिडकीत नऊ वर्षे एक बाई बसत असे. लहानपणापासून घरचे तिला 'उचापती' म्हणत. शाळेत असताना तिने घरातले गजराचे घड्याळ खोलून पुन्हा जोडले, तेव्हा दोन चाके उरली, आणि घड्याळ मात्र आधीपेक्षा बरे चालू लागले. तेव्हापासून ते नाव तिला चिकटले ते चिकटलेच. अशा बाईला कंपनीने काम काय दिले होते? आलेले यंत्र हातात घ्यायचे, मान हलवायची आणि म्हणायचे, "ह्याचं आता काही होणार नाही. नवीन घ्या."

एके दुपारी खिडकीशी एक बाई आली. तिच्या बाहीला मैदा लागला होता. दोन गल्ल्या पलीकडे तिची आणि तिच्या नवऱ्याची बेकरी होती. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. डाव्या हाताने एका यंत्रावर अक्षरे दाबायची आणि यंत्राने ती मोठ्याने बोलायची, एवढीच बोलण्याची वाट उरली होती. त्या यंत्राची बॅटरी संपली होती. यंत्र गोंदाने चिकटवलेले होते, त्यामुळे बॅटरी बदलण्याची सोय नव्हती.

"नवीन घ्या," उचापती सवयीने म्हणाली. "फक्त जुनं साठवलेलं त्यात येणार नाही."

"अहो, दोन वर्षांत ते जेवढं बोललेत तेवढं ह्यात आहे," बेकरीवाल्या काकी म्हणाल्या. "एकेक वाक्य जमवायला दिवस दिवस गेलेत. आता पुन्हा अ-आ-ई पासून सुरू करू म्हणता?"

उचापतीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. गरम हवेच्या बंदुकीने गोंद मऊ केला, पातळ पाते घालून झाकण उचकटले आणि बॅटरी बदलली. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम. यंत्र 'नमस्कार' म्हणाले आणि नेमके तेव्हाच साहेब मागे येऊन उभे राहिले.

"बाई, आपण दुरुस्ती करत नाही."

"मग खिडकीवर काय लिहिलंय साहेब?"

"ती पाटी आहे. आपण सेवा देतो."

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तिने लिहिले, 'बॅटरी संपली होती. बदलली. यंत्र बोलू लागले.' मग कंपनीचा एप्रन खुंटीला लावला आणि ती जी बाहेर पडली, ती परत गेली नाही. हा प्रसंग मी तिच्या सासूबाईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यात आता कोणाला खोकला आला होता तेही मी सांगू शकेन.

उचापतीचा नवरा जहाजावर नोकरीला; वर्षातले आठ महिने समुद्रात. घरी ती आणि सासूबाई. सासूबाई शिवणकाम करत. पुढच्या खोलीत एक लांब टेबल होते. अर्ध्या टेबलावर शिलाई मशीन आणि उरलेल्या अर्ध्यावर उचापतीचा पसारा. तिने ठरवले होते की आपण असा हातसंगणक करायचा, जो बोलेल, मोजेल, लिहील, ज्याचा एकेक भाग काढता-घालता येईल, आणि जो कोणालाही घरी बसून बनवता येईल.

पहिल्या खेपेला नुसता धूर झाला. सासूबाईंनी शिवत असलेला कोट झटकला आणि विचारले, "सूनबाई, नोकरी सोडलीस ते ठीक. घरही सोडायचा बेत आहे का आपला?"

दुसऱ्या खेपेला जे तयार झाले ते छान होते. पातळ, सुबक, कंपनीच्या यंत्रासारखे. उचापती खुशीत होती. सासूबाईंनी चष्मा पुसून ते उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यात माया कुठंय?"

"माया?"

"शिवणीत आत जादा कापड सोडतो ना आम्ही, ती माया. माणूस जाडावतं, पोर वाढतं, तेव्हा तेवढी शिवण उसवायची आणि कपडा ढिला करायचा. हे तू अंगासरशी बेतलंयस. उद्या कुणाला ह्यात काही वाढवायचं झालं तर कुठून वाढवणार?"

उचापतीने ते देखणे यंत्र पूर्ण खोलले, आणि त्याच्या भागांतून तिसऱ्या खेपेला मी जन्मलो. मी जाड होतो, कारण माझ्या पोटात मुद्दाम जागा सोडली होती. काठाला चार रिकामी खोबणी होती; आज ना उद्या कोणी काहीतरी आणून त्यात बसवील म्हणून. मित्रांनो, माझ्या जाडपणाला कोणी हसले की मला त्या म्हाताऱ्या शिवणकरणीचा प्रश्न आठवतो आणि मी आणखी ऐटीत बसतो.

पण मी बोलायचे कोणासाठी? तर त्याच बेकरीवाल्या काकांसाठी; त्यांचे जुने यंत्र तोवर पुरते बंद पडले होते, पण त्यातली वाक्ये उचापतीने आधीच काढून ठेवली होती. काकी त्यांना खुर्चीच्या गाडीतून घेऊन आल्या. काकांचा हात मैदा मळून मळून रुंद झालेला, आणि माझी बटणे तिळाएवढी. एक 'क' दाबायला जावे तर तीन अक्षरे उमटत. पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबलावरून ढकलून दिले. उचापतीने मला उचलले, बटणांची पट्टी सुटी करून काढली आणि मोठी पट्टी करायला घेतली. अशा चार पट्ट्या झाल्या. पाचवी, हीच मळकट पिवळी, त्यांच्या डाव्या हाताला लागू पडली. त्या दिवशी माझ्या तोंडून त्यांचे पहिले वाक्य निघाले.

"चहात साखर फार असते."

काकींच्या हातातला कप तसाच राहिला. "चाळीस वर्षं पिताय, आणि हे आज सांगताय?"

काकांनी सावकाश एकेक बटण दाबले. मी बोललो, "आधी हिंमत नव्हती."

सगळे पोट धरधरून हसले. मग काकी आत गेल्या आणि धुतलेला कप पुन्हा धूत उभ्या राहिल्या.

यानंतर उचापतीने माझे सारे आराखडे इंटरनेटवर खुले केले. कोणता भाग कुठे, कोणता स्क्रू किती लांबीचा, बोलण्याचा प्रोग्रॅम कसा लिहिला, सगळे. अट एकच होती. घ्या, बनवा, विका, बदला. पण जे बदलाल तेही असेच सर्वांसाठी उघडे ठेवा. शेजारच्यांनी तिला वेड्यात काढले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मी कागदावर बेतलेली मापं गल्लीभर वाटली. म्हणून माझं मशीन काय बंद पडलं?"

आणि माझी भावंडे जन्मू लागली! मी कधी न पाहिलेल्या गावांत, मी न पाहिलेल्या हातांनी. कोणी माझ्या खोबणीत रेडिओ बसवला, कोणी मधमाश्यांच्या पेटीतली ऊब मोजली. दूरच्या एका बेटावर हवामान केंद्रात काम करणारी एक बाई होती. तिने माझ्यासारखा एक बनवून वारा मोजायला लावला. एके दिवशी तिचे पत्र आले. चार ओळींचे.

माझ्या बॅटरीजवळ एक इवलासा भाग असतो. बॅटरी तापली की त्याने ओळखायचे आणि भरणारी वीज थांबवायची. उचापतीने तो बॅटरीपासून दूर जोडला होता, त्यामुळे बॅटरी तापली तरी त्याला पत्ता लागत नसे. 'माझी फुगली. वेळीच पाहिले म्हणून वाचले. तुमच्या आराखड्यात चूक आहे,' असे त्या बाईने लिहिले होते.

उचापतीने पत्र तीनदा वाचले. तिचे कान लाल झाले होते. चूक गुपचूप सुधारली असती तर कोणाला कळलेही नसते. पण तिने आराखड्याच्या अगदी वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिले, 'ही माझी चूक आहे. ज्यांनी बनवला आहे त्यांनी सगळी कामे सोडून आधी हे बदला.' मग तिने माझे सहा स्क्रू काढले आणि तो भाग बॅटरीला खेटून बसवला.

त्याच महिन्यात साहेब आमच्या घरी आले. होय, तेच. काका बटणे तपासायला आलेले होते. साहेबांनी मला हातात घेतले, फिरवून पाहिले आणि गोड हसले.

"बाई, कंपनीला हे हवंय. मोठा कारखाना, हजारो यंत्रं, आणि त्या विभागाच्या प्रमुख तुम्ही. फक्त ते आराखडे काढून घ्या आणि झाकण चिकटवू द्या. लोकांच्या सुरक्षेसाठीच हं. तुमची ती चूक आम्ही वाचली. उद्या कुणाचं काही जळलं असतं तर?"

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. उचापती डगमगली. तीन दिवस ती तारा जोडायच्या सोल्डरिंगच्या दांडीला हात न लावता बसून होती. हजारो मुक्या माणसांना बोलता येईल, हा विचार काही हलका नव्हता. चौथ्या दिवशी तिने काकांनाच विचारले.

काकांनी उत्तराला सहा मिनिटे घेतली. मी बोललो, "मी स्वतः बंद डबा झालोय. आत सगळं चालू आहे, बाहेर काही येत नाही. मला दुसरा बंद डबा नको."

तिने साहेबांना नकार कळवला. एका ओळीत.

वर्षभरात कंपनीने स्वतःचे यंत्र काढले. मासोळीसारखे चकचकीत, बोटभर जाड, कुठेही सांधा दिसत नाही असे. जिकडेतिकडे त्याचीच वाहवा. आम्हाला येणारी पत्रे आटली. कितीतरी जण आम्हाला सोडून गेले. आणि मग, मित्रांनो, जे व्हायला नको होते तेही झाले. काकांच्या लेकीने वडिलांना ते चकचकीत यंत्र भेट दिले. मोठ्या हौसेने आणले होते. काकांना लेकीचे मन मोडवेना. मी बेकरीतल्या खणात गेलो. सुतळीची गुंडी, जुनी लेबले आणि एक मोडकी कात्री माझ्या सोबतीला. सात महिने मी तिथे होतो. मी रडलो नाही. मी रागावलो होतो, आणि राग बॅटरीपेक्षा जास्त टिकतो.

मग ती सकाळ आली. काका गल्ल्यापाशी बसले होते आणि ते यंत्र त्यांच्या उजव्या मांडीवर होते. ती मांडी बधिर होती. यंत्र तापू लागले तरी त्यांना कळले नाही. कळले ते वासाने. खाली पाहिले तर स्क्रीन उचलली जात होती आणि पँटमधून धूर येत होता. त्यांनी बटणे दाबली. यंत्र मुके झाले होते. डावा हात गल्ल्यावर आपटला; भट्टीशी असलेल्या काकींना वाटले, गिऱ्हाईक घाई करते आहे. खणातून मी तो आवाज ऐकत होतो. थाप, थाप, थाप. मला सगळे समजत होते आणि मला बोलता येत नव्हते.

शेवटी काकींनाही वास आला. त्या धावत आल्या, पाव काढायच्या लाकडी फावड्याने ते यंत्र उडवले आणि मागच्या अंगणात वाळूच्या बादलीत दाबले. काकांच्या मांडीवर तळहाताएवढा भाजलेला डाग राहिला.

डॉक्टरांनी पट्टी बांधली, तोवर उचापती धापा टाकत आली. खण उघडला. माझी बॅटरी केव्हाच संपली होती. तिने पर्समधून दुसरी काढली, घातली आणि मला काकांच्या डाव्या हाताखाली ठेवले.

"मला हाक मारता येत नव्हती," मी त्यांच्या वतीने म्हणालो. आणि थोड्या वेळाने, "ते खोल."

ते यंत्र पूर्ण गार झाल्यावर तिने त्याचे काळवंडलेले झाकण कापले. आत पाहिले आणि ती मैद्याच्या पोत्यावर मटकन बसली. मित्रांनो, आत मी होतो! तोच बोर्ड, तीच जोडणी. पहिल्या आराखड्यात दोरी ओवायला एक भोक ठेवले होते; पुढे ते हलवले, पण जुने पुसायचे राहून गेले. ते बिनकामाचे भोकसुद्धा तिथे होते, वरून गोंद फासलेले. आणि तो इवलासा भागही होता, बॅटरीपासून दूर, चुकीच्याच जागी. त्यांनी जुना आराखडा उचलला, झाकण चिकटवले आणि साहेबांनी स्वतः वाचलेली ती चूक सुधारायची तसदीही घेतली नाही.

"ही माझी चूक आहे, काका," ती म्हणाली.

काकांनी एकही अक्षर न गाळता उत्तर दिले. "तू चूक सांगितलीस. त्यांनी चिकटवली."

ती उठली. त्याच दुपारी तिने सर्वांसाठी लिहून टाकले, की ही यंत्रे वापरणे ताबडतोब थांबवा. ती कशी खोलायची, आत काय बदलायचे, सगळे फोटोंसकट. दुसऱ्या दिवशी रुग्णांना बोलायला शिकवणारी एक उपचारिका दोन पिशव्या भरून यंत्रे घेऊन आली. सतरा होती. तीन फुगू लागली होती. बेकरीच्या लांब टेबलावर मैदा पुसून उचापती बसली. सासूबाई शेजारी बसून नंबर लावलेल्या वाट्यांत स्क्रू ठेवत होत्या. चिकटवलेल्या झाकणांना तिने भोके पाडली आणि स्क्रू बसवले. आत माझेच अंग असल्यामुळे माझे सगळे भाग त्यांत चपखल बसले.

आठव्या दिवशी कंपनीची नोटीस आली. तिचा अर्थ असा, की आमची यंत्रे उघडण्याचा तुम्हाला अधिकार नाही. काम थांबवा, नाहीतर कोर्टात भेटू. काकींचा चेहरा उतरला. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे की. मी नवं पातळ नेसून येते."

काका म्हणाले, उत्तर मी देतो. ते तयार व्हायला अख्खी दुपार गेली. उत्तर असे होते, 'तुमच्या झाकणाखाली आमचे यंत्र आहे. आमचे आम्ही उघडले. कोर्टात अवश्य भेटू. तिथे न्यायाधीशांसमोर झाकण काढावे लागेल. स्क्रू ड्रायव्हर आम्ही आणू.'

या पत्राला उत्तर आले नाही. तीन आठवड्यांनी कंपनीने दुकानादुकानांतून ती यंत्रे मुकाट्याने परत मागवली. माफी कोणी मागितली नाही. बेटावरच्या बाईने मात्र नव्या आराखड्याला स्वतःचे दोन बदल जोडून पाठवले आणि खाली लिहिले, 'आता पुढे.'

त्याला सहा वर्षे झाली. माझ्यात जन्मापासूनचे आता थोडेच उरले आहे. काही जण विचारतात, मग तू तोच कसा? मी त्यांना सांगतो, काकांना विचारा. ते रोज सकाळी गल्ल्यावर बसतात आणि उधारी मागणाऱ्याला माझ्या आवाजात अशी काही उत्तरे देतात, की शेजारचा न्हावी दाढी अर्धी टाकून ऐकायला येतो.

मित्रांनो, म्हातारी यंत्रे निरोप घेताना हात जोडतात. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. माझी विनंती नाही, मागणी आहे. घरात एखादी वस्तू बंद पडली तर ती फेकायची घाई करू नका. माहीतगाराला शेजारी बसवा आणि ती उघडून पाहा. चुकाल, चटका बसेल. ती चूक लपवू नका, चार जणांना सांगा. आणि उघडायला वाटच ठेवलेली नसेल, तर जिने ती बनवली त्या कंपनीच्या दारात जा आणि विचारा, आत काय आहे? ते गोड हसतील. तुम्ही पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.